दहा सागरगोट्यांचा नवस

एपिडॉरसचा युफानेस नावाचा मुलगा मुतखड्यानं हैराण झाला होता. अस्क्लेपिओस या वैद्यदेवाच्या देवळात तो एका रात्री झोपला. स्वप्नात देव उशाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुला बरं केलं तर मला काय देशील?" पोरगं म्हणालं, "दहा अस्ट्रागाल." अस्ट्रागाल म्हणजे मेंढी-बकरीच्या घोट्यातली छोटी हाडं. ग्रीक मुलं ती सागरगोट्यांसारखी उडवायची आणि झेलायची. देवाला हसू आलं. "करतो बरं," म्हणाला. सकाळी मुलगा ठणठणीत होऊन बाहेर पडला.

ही गोष्ट दगडावर कोरलेली आहे. ग्रीसच्या दक्षिण भागात एपिडॉरसला या देवाचं मोठं ठाणं होतं. इ.स.पू. चौथ्या शतकात तिथे अशा गुणाच्या हकिकती मोठाल्या शिळांवर कोरून आवारात उभ्या केल्या होत्या. त्या सगळ्यांत मला हीच आवडते. देव सरळ विचारतो, "काय देशील?" आणि मुलगा आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं सांगतो. ग्रीक नवसाबद्दलचे बरेच प्रश्न या दोन वाक्यांत आहेत. देवाला त्या हाडांचं काय करायचंय? मग तो मागतो कशाला? हा सौदा की आणखी काही?

आधी थोडं शब्दांविषयी. मराठीत आपण नवस बोलतो आणि मग फेडतो. ग्रीक भाषेत 'युखे' या एकाच शब्दाचा अर्थ प्रार्थनाही होतो आणि नवसही, कारण नुसतं मागायचं आणि बदल्यात काहीच कबूल करायचं नाही, अशी प्रार्थना त्यांना अर्धवट वाटत असावी. देवाला जी वस्तू वाहायची तिला म्हणत 'अनाथेमा', म्हणजे वर ठेवलेलं, मांडलेलं. (पुढे ख्रिस्ती काळात याच शब्दाच्या जुळ्या भावाला 'शापित' असा अर्थ चिकटला आणि इंग्रजीत तोच गेला. तो प्रवास निराळा.)

बळी आणि अनाथेमा यांत मोठा फरक आहे. बळी म्हणजे वेदीवर जनावर कापायचं, मांडीची हाडं आणि चरबी देवासाठी अग्नीत घालायची, मांस लोकांनी वाटून खायचं. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलेलं. अनाथेमा मात्र देवळाच्या आवारात राहतं. येणारा-जाणारा ते बघतो, वाचतो. आणि ते प्रत्येक वेळी नवस फेडण्यासाठीच असतं असंही नाही. शेतातलं, समुद्रातलं किंवा धंद्यातलं पहिलं उत्पन्न देवाला द्यायचं, त्याला 'अपार्खे' म्हणत. कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा, तो 'देकाते'. काही न मागता नुसती कृतज्ञता म्हणून दिलेलं निराळं. प्रत्यक्षात या सगळ्याची सरमिसळ होत असे आणि वाहणाऱ्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसे.

आता सौद्याचा प्रश्न. बोस्टनच्या कलासंग्रहालयात वीतभर उंचीचा एक ब्राँझचा पुतळा आहे. तो ग्रीसमधल्या थीब्जचा, इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीचा. लांब मान, बारीक कंबर आणि दोन्ही मांड्यांवर वळणावळणानं कोरलेला छंदोबद्ध मजकूर: मांतिक्लोसनं मला रुपेरी धनुष्य धारण करणाऱ्या, दूरवर बाण मारणाऱ्या देवाला आपल्या दशमांशातून वाहिलं, हे फोयबोस (म्हणजे अपोलो), तूही बदल्यात काहीतरी मनाजोगतं दे.

पहिल्यांदा वाचलं की वाटतं, ही तर उघड लाच. देव अपोलो, देणारा मांतिक्लोस, आणि पावतीवरच परतफेडीची मागणी! पण जरा थांबून बघा. मांतिक्लोसनं आधीच दिलंय. ज्या कमाईचा दहावा हिस्सा दिला, ती कमाई देवाच्याच कृपेची असं तो धरून चाललाय. आणि मागतो काय, तर 'काहीतरी मनाजोगतं'. किती, कधी, कसलं, काही नाही. बाजारात असा व्यवहार कुणी करत नाही. असा व्यवहार सोयरेधायरे करतात. तुमच्या घरून फराळाचा डबा येतो, आम्ही तो रिकामा परत पाठवत नाही, आणि आमचं जे जातं त्याचा हिशेब तुम्ही तराजूवर करत नाही. हिशेब चुकता झाला तर उलट पंचाईत, येणं-जाणंच संपलं.

ग्रीकांकडे यासाठी 'खारिस' हा शब्द होता. उपकार म्हणजे खारिस, त्याबद्दलची कृतज्ञता म्हणजेही खारिस, आणि देखणेपणा, आनंद, प्रसन्नता हेही खारिसच. देव माणसाला खारिस देतो, माणूस देवाला खारिस देतो, आणि मधली वस्तू सुंदर असावी म्हणजे देव प्रसन्न होतो. एकच शब्द दोन्ही बाजूंनी फिरतो.

हिशेब मुद्दाम उघडा ठेवायचा म्हणजे काय, याचं नामी उदाहरण मॅरेथॉनच्या लढाईचं. इ.स.पू. ४९० मध्ये इराणी फौज समोर ठाकली तेव्हा अथेन्सकरांनी शिकारीची देवी आर्तेमिस हिला नवस बोलला: जितके शत्रू मारू तितक्या बकऱ्या तुला देऊ. लढाई जिंकली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या म्हणण्यानुसार इराण्यांची ६,४०० माणसं पडली. एवढ्या बकऱ्या एकदम आणायच्या कुठून? मग अथेन्सनं हप्ते बांधून घेतले, दरवर्षी ५०० बकऱ्या. पुढच्या काळातला अथेन्सचा लेखक झेनोफोन सांगतो की हा बळी त्याच्या काळीही चालू होता, म्हणजे लढाईनंतर जवळपास नव्वद वर्षांनी. गणित करून बघा. ६,४०० बकऱ्यांचं देणं तेराव्या वर्षीच फिटलं होतं. पुढची पाऊणशे वर्षं अथेन्स काय फेडत होतं? कर्ज तर नक्कीच नाही. देवीशी नातं जुळलं होतं, ते तोडायचं नव्हतं. वर दरवर्षी त्या विजयाचा सोहळाही होत होता आणि गावाला मटणही मिळत होतं. तेही कारण कमी नाही.

देणं बुडवणाऱ्याची मात्र गय नव्हती. एपिडॉरसच्याच शिळांवर थासोस बेटावरच्या हेर्मोनची हकिकत आहे. आंधळा होता, देवळात झोपला, दृष्टी आली. पण देवाचं देणं न देताच निघून गेला. देवानं त्याला पुन्हा आंधळं केलं. तो परत आला, पुन्हा झोपला, आणि पुन्हा दिसू लागलं. ही गोष्ट कुणाच्या फायद्याची आहे हे सांगायला नको. शिळा देवस्थानानं उभारलेल्या होत्या आणि त्या वाचणारे पुढचे भाविक होते. तरी देणं राहू नये ही धास्ती लोकांच्या मनात खरोखरच होती. इ.स.पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला घेतल्यावर सॉक्रेटिसनं मित्राला सांगितलेलं शेवटचं काम, प्लेटोनं लिहून ठेवलंय ते हेच: आपण अस्क्लेपिओसचा एक कोंबडा देणं लागतो, तो द्यायला विसरू नका.

संशयी लोक तेव्हाही होते. एका डोळ्यानं आंधळी असलेली अथेन्सची आंब्रोसिया एपिडॉरसच्या आवारात हिंडत त्या हकिकती वाचून हसत होती. नुसतं स्वप्न पाहून लंगडे चालतात आणि आंधळे बघतात, हे कसं शक्य आहे! रात्री तिच्या स्वप्नात देव आला. म्हणाला, बरं करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. मग त्यानं तिचा डोळा चिरून त्यात औषध ओतलं. सकाळी तिला दिसू लागलं. बरं केल्याबद्दल देवानं मोबदला घेतला आणि वर टोमणाही मारला, तोही चांदीचा.

याहून धारदार संशय मेलोसच्या दियागोरासचा. नास्तिक म्हणून तो प्रसिद्ध होता. रोमन लेखक सिसेरोनं सांगितलेला किस्सा असा: सामोथ्रेस बेटावर वादळातून वाचलेल्या दर्यावर्दींनी वाहिलेल्या चित्रफळ्या दाखवून मित्र त्याला म्हणाला, "देवांना माणसांची पर्वा नाही म्हणतोस ना? बघ, नवसानं किती जण वाचले!" दियागोरास म्हणाला, "खरंय. जे बुडाले त्यांची चित्रं कुणीच लावली नाहीत." नवसाचं असं कुठलंही ठाणं बघताना हे वाक्य डोक्यातून जात नाही, निदान माझ्या तरी.

बरं, वाहायचे काय काय? कॉरिंथच्या अस्क्लेपिओसच्या देवळात खड्ड्यांमध्ये पुरलेले भाजक्या मातीचे अवयव निघाले. हात, पाय, कान, डोळे, स्तन, जननेंद्रियं, कितीतरी जवळपास खऱ्या मापाची. मुंबईकरांनी वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय विकायला ठेवलेले पाहिले असतील. कॉरिंथच्या संग्रहालयातलं ते कपाट त्यांना अनोळखी वाटणार नाही. दोन्हींत काही वारसा आहे असं मी म्हणत नाही. दुखरा अवयव देवाला नेमका दाखवायचा, ही युक्ती माणसाला कुठेही सुचू शकते. गंमत म्हणजे हे मातीचे अवयव बहुतेक धडधाकट असतात. रोग दाखवलेला नसतो, गुण आल्यावरचा अवयव असतो.

अथेन्समध्ये हीच गोष्ट चांदीत किंवा सोन्यात. पत्र्यावर उठावानं काढलेला डोळा किंवा पाय, आपल्याकडे देव्हाऱ्यात टाक असतो तसा. देवस्थानाच्या याद्या दगडावर कोरलेल्या सापडल्या आहेत. कुणी काय वाहिलं, वजन किती, कुठे टांगलंय, असा सगळा तपशील. त्यांत सर्वांत जास्त भरणा डोळ्यांचा आहे.

अथेन्सजवळ ब्राउरोनला आर्तेमिसचं ठाणं होतं, बाळंतपणाशी जोडलेलं. तिथे बायका कपडे वाहायच्या. त्यांच्याही याद्या आहेत, आणि वाचायला मोठ्या मजेच्या. रंग, किनार, नक्षी, पेटीत ठेवलंय की मूर्तीच्या अंगावर घातलंय, सगळं नोंदलेलं. काही वस्त्रं अर्धवट विणलेली. काहींपुढे नुसतं 'चिंधी' असं लिहिलेलं; वर्षानुवर्षं तिथेच राहून जीर्ण झाली, तरी यादीतून काढली नाहीत. युरिपिडीसच्या एका नाटकाच्या शेवटी तर असं येतं की बाळंतपणात दगावलेल्या बायकांची वस्त्रं इथे आर्तेमिसची पुजारीण इफिगेनिया हिला वाहिली जातील. ती ओळ खरोखरच्या रिवाजावर बेतलेली असेल, तर चिंधीच्या त्या नोंदी पुन्हा वाचायचं धाडस होत नाही.

लग्नाआधी मुली खेळणी वाहायच्या. तिमारेता नावाच्या मुलीची एक छोटी कविता टिकून आहे. डफ, आवडता चेंडू, केसांची जाळी, बाहुल्या आणि बाहुल्यांचे कपडे तिनं आर्तेमिसला दिले. कुमारीनं कुमारी देवीला. भातुकली संपली, याची पावतीच म्हणायची.

गरिबांचं काय? स्पार्टाचं उदाहरण बघा. तिथल्या आर्तेमिस ऑर्थियाच्या देवळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी उत्खनन केलं, तेव्हा साच्यात ओतलेल्या शिशाच्या चिमुकल्या आकृत्या सापडल्या: योद्धे, पंखवाल्या देवी, प्राणी, फुलांचे हार. त्यांची संख्या लाखाच्या वर होती. एकेक नाण्याएवढी, पत्र्यासारखी पातळ, स्वस्तात ओतलेली. कोरडं, कडक म्हणून ज्या स्पार्टाची ख्याती, तिथेही देवळाबाहेर काहीतरी विकत घेऊन आत ठेवण्याची हौस होतीच.

कॉरिंथजवळ पेन्तेस्कूफियाला मातीच्या चित्रफळ्यांचा ढीग सापडला. पुष्कळांवर समुद्रदेव पोसेइडॉन आहे, आणि त्याच्या जोडीला कुंभार! माती खणणारे, चाकावर भांडं घडवणारे, भट्टी पेटवून तिच्यावर चढलेले. भट्टी बिघडली की महिन्याची मेहनत वाया, म्हणून या मंडळींनी देवाला आपलं कामच चित्रात काढून दाखवलं. ग्रीक भट्टीचा आकार कसा होता, हे अभ्यासकांना यातून कळलं.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर एका संगमरवरी कुंडावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ एवढाच: 'स्मिकुथे, परटीण, हिनं दशमांश वाहिला.' इ.स.पू. पाचव्या शतकाची सुरुवात. लोकांची धुणी धुऊन तिनं इतकं मिळवलं की दहाव्या हिश्शात संगमरवराचं कुंड आलं! ती स्वतंत्र होती की मुक्त झालेली दासी, लग्न झालं होतं का, काही कळत नाही. तिच्याबद्दल जगाला माहीत असलेलं सगळं या एका ओळीत आहे. तिथल्या पार्थेनॉन या भव्य देवळाबद्दल हजारो पानं लिहिली गेली आहेत. मला तिथे जायचं आहे ते या परटिणीसाठी.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला डेल्फी. अपोलोच्या त्या डोंगरी ठाण्यावर राजे आणि नगरराज्यं एकमेकांवर कडी करत. लिडियाच्या क्रीसस राजानं सोन्याच्या विटांच्या चौथऱ्यावर दहा टॅलेंट (हे जुनं ग्रीक वजन) भरणारा सोन्याचा सिंह पाठवला. देवळाला आग लागली तेव्हा तो पडून वितळला आणि साडेसहा टॅलेंटच उरला, असं हिरोडोटस वजनासकट सांगतो. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लातायाला इराण्यांचा पराभव झाल्यावर लुटीच्या दशमांशातून तीन सापांच्या पिळाचा ब्राँझचा खांब आणि त्यावर सोन्याची तिवई उभी राहिली. स्पार्टाच्या सेनापतीनं, पाउसानियसनं, तिच्यावर आपल्या एकट्याच्या मोठेपणाची ओळ कोरून घेतली. स्पार्टानं ती खोडून लढलेल्या नगरांची नावं घातली. देवाला दिलेल्या वस्तूवर कुणाचं नाव, हा वाद तेव्हाही रंगायचा. पुढे डेल्फीच्या आसपासच्या फोकिस प्रांतातल्या लोकांनी डेल्फी ताब्यात घेऊन भाडोत्री सैनिकांच्या पगारासाठी सोनं वितळवलं, त्यात ती तिवई गेली. सापांचा खांब आज इस्तंबूलच्या चौकात उभा आहे, डोकी तुटलेली, पण पिळांवर ३१ नगरांची नावं आहेत. डेल्फीच्या बहुतेक विजयचिन्हांबद्दल तिथलाच पुजारी प्लुटार्क खंतावून लिहितो की, ग्रीकांनी ग्रीकांना मारून मिळवलेली ही लूट. त्यांवरचे लेख वाचायला लाज वाटते.

नावाचा हा सोस आपल्या सह्याद्रीतही येऊन गेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावं आहेत, आणि त्यांत धेनुकाकट इथले कितीतरी 'यवन' आहेत: अमक्या यवनाचं खांबाचं दान. जुन्नरच्या लेण्यांतही पाण्याची टाकी देणारा यवन भेटतो. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे हा शब्द सैलावला. हे दान बौद्ध संघाला, पुण्यासाठी दिलेलं, त्याला नवस म्हणता येणार नाही. पण नाव, गाव, वस्तू आणि 'दान' एवढाच मजकूर वाचताना स्मिकुथेची ओळ आठवतेच.

शेवटी व्यवहाराचा प्रश्न उरतो. शेकडो वर्षं लोक वाहतच राहिले तर देऊळ भरणार नाही का? भरायचंच. ऱ्होड्सच्या अस्क्लेपिओसच्या देवळाबाबत तर ठराव होता की, लोकांच्या चालण्याच्या वाटेत अडथळा होईल अशा जागी पुतळे उभारण्याची परवानगी मागू नये. पण एकदा देवाचं झालेलं आवाराबाहेर काढता येत नाही, विकता येत नाही, फेकता येत नाही. म्हणून मातीच्या आणि स्वस्तातल्या वस्तू आवारातच खड्डा खणून पुरायच्या. कॉरिंथचे अवयव आपल्यापर्यंत पोचले ते याच नियमामुळे.

चांदी-सोन्याचं निराळं. ते वितळवायचं आणि त्याचं देवासाठीच मोठं भांडं करायचं. पण मग ज्यानं आपला डोळा वाहिला त्याचं काय? त्याचा डोळा तर गेला! अथेन्समध्ये 'वैद्य वीर' नावाच्या एका छोट्या दैवताच्या देवळात इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीला हा प्रश्न आला. लोकसभेपुढे विषय गेला, रीतसर ठराव झाला, समिती नेमली. ठरलं ते असं: चांदीचे टाक आणि इतर सुटी चांदी वितळवून देवासाठी जमेल तितकी सुंदर सुरई घडवायची, आणि कुणी काय वाहिलं होतं ते नावानिशी दगडावर कोरून देवळात लावायचं. सुरई घडली. ती कधीच नाहीशी झाली. दगड अथेन्समध्येच सापडला, आणि त्यावर वाहणाऱ्यांची नावं आहेत.